मादाम क्युरींचा विज्ञानाचा तास

भांड्यात ओतलेले गरम पाणी गरमच राहावे म्हणून काय करावे, असा एक साधा प्रश्न १९०७ च्या सुमारास पॅरिसमधील एका जुन्या, वापरात नसलेल्या खोलीत काही मुलांना विचारला गेला. मुले दहाएक होती, चुणचुणीत होती आणि त्यांतील बहुतेकांचे वडील शहरातील नामवंत प्राध्यापक होते. कोणी सांगितले, भांड्याला लोकर गुंडाळावी. कोणी उष्णतारोधक आवरणांच्या एकाहून एक गुंतागुंतीच्या आणि घरी कधीही न जमणाऱ्या युक्त्या सुचवल्या. काळा पोशाख घातलेल्या शिक्षिकेने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि हसत सांगितले की, मी तुमच्या जागी असते तर आधी भांड्यावर झाकण ठेवले असते. तास तिथेच संपला. दार उघडून मोलकरीण क्रोसाँ, चॉकलेटच्या वड्या आणि संत्री घेऊन आत आली आणि मुलांनी वाद घालतघालतच खाण्यावर ताव मारला.

झाकणाची आठवण करून देणाऱ्या या बाईंना चार वर्षांपूर्वीच भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. रेडियम शोधणाऱ्या मादाम क्युरी आपल्या पाठ्यपुस्तकांत भेटतात त्या नेहमी एकाच चित्रातून: गळक्या शेडमध्ये उकळत्या कढईसमोर लोखंडी दांड्याने ढवळत उभ्या असलेल्या. चित्र खरे आहे. पण पोटासाठी त्यांनी आयुष्यभर जे काम केले ते शिकवण्याचे, आणि त्या कामाकडे चरित्रकारांचे लक्ष तुलनेने कमीच गेले आहे. गव्हर्नेस, शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयातील व्याख्याती, सॉर्बोनमधील पहिली स्त्री प्राध्यापक आणि युद्धकाळात क्ष-किरण यंत्रे चालवणाऱ्या मुलींची गुरू, अशा सर्व भूमिकांतून त्या एकच गोष्ट करू पाहत होत्या. शिकणाऱ्याच्या हाती उपकरण द्यायचे, आणि मग मध्ये लुडबुड करायची नाही. या आग्रहाचे मूळ त्यांच्या बालपणातील एका बंद कपाटात सापडते.

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरात तिला मान्या म्हणत. वडील व्लादिस्लाव गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींची निवासी शाळा चालवणारी. पोलंड हे राष्ट्र त्या वेळी नकाशावर नव्हतेच. वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. १८६३ चा उठाव चिरडून टाकल्यावर राज्यकर्त्यांनी शाळांकडे मोर्चा वळवला. शिकवण्याची भाषा रशियन झाली, पोलिश इतिहास वर्ज्य ठरला, आणि एक बारीकशी वाटणारी पण फार दूरवर पोहोचणारी गोष्ट झाली: पोलिश शाळांतील विज्ञानाच्या प्रयोगांवर गदा आली. मुलांनी विज्ञान शिकायचेच झाले तर खडू-फळ्यावरून शिकावे, हाताने काही करून पाहू नये. व्लादिस्लावनी शाळेतील बरीचशी उपकरणे घरी आणली आणि अभ्यासिकेतील काचेच्या कपाटात मांडून ठेवली. नाजूक तराजू, काचेच्या नळ्या, खनिजांचे नमुने आणि सोन्याच्या वर्खाची दोन पाने असलेला विद्युतदर्शी. या वस्तूंना काय म्हणतात असे चार-पाच वर्षांच्या मान्याने विचारले तेव्हा वडिलांनी भौतिकशास्त्राची उपकरणे, एवढेच उत्तर दिले. तो शब्दच इतका आवडला की ती तो गुणगुणत घरभर हिंडली, असे तिच्या धाकट्या मुलीने, ईव्हने, लिहिलेल्या चरित्रात नोंदले आहे.

त्या कपाटातील विद्युतदर्शीबद्दल येथेच दोन शब्द सांगायला हवेत. काचेच्या बरणीत एका धातूच्या दांडीला सोन्याची अतिशय पातळ दोन पाने लटकवलेली असतात. दांडीला विद्युतभार दिला की दोन्ही पानांवर एकाच जातीचा भार येतो आणि ती एकमेकांपासून फाकतात. भोवतालची हवा वीज वाहून नेत नसेल तर ती बराच वेळ तशीच फाकलेली राहतात. हवा काही कारणाने विद्युतवाहक झाली तर भार निसटतो आणि पाने पुन्हा मिटतात. पंचवीस वर्षांनी, हवेला विद्युतवाहक करणाऱ्या एका अज्ञात पदार्थाचा माग याच तत्त्वाच्या अधिक संवेदनक्षम उपकरणाने लागायचा होता.

बालपण पुढे फारसे सुखाचे राहिले नाही. टायफसने थोरली बहीण गेली, आणि मान्या दहा वर्षांची असताना क्षयाने आई गेली. वडिलांची वरची जागा राज्यकर्त्यांनी काढून घेतली होती. घरात विद्यार्थी ठेवून घेऊन त्यांच्या पैशांवर संसार रेटावा लागत होता. शाळेतील एक प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. मुलींना चोरून पोलिश भाषेत इतिहास शिकवला जाई आणि रशियन निरीक्षक आला की ठरलेल्या खुणेची घंटा वाजे. एकदा अशी घंटा वाजली. क्षणार्धात वह्या-पुस्तके नाहीशी झाली आणि निरीक्षक आत आला तेव्हा मुली निमूटपणे कापडाला काजे करत बसल्या होत्या. उत्तरे द्यायला नेहमीप्रमाणे मान्याला उभे करण्यात आले, कारण तिची रशियन उत्तम होती. झारांची नावे, राजघराण्यातील पदव्या, आपल्यावर कोण राज्य करते याचे उत्तर, सगळे तिने बिनचूक सांगितले. निरीक्षक संतुष्ट होऊन गेला आणि ती ओक्साबोक्शी रडली. शिक्षण म्हणजे लपवावी लागणारी गोष्ट, हा संस्कार या पिढीवर असा झाला.

१८८३ मध्ये सुवर्णपदकासह शाळा संपली आणि वाटही संपली. वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. ज्यांना शिकायचे होते त्या एकमेकींच्या घरी जमत, पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत. या फिरत्या वर्गांना ‘उडते विद्यापीठ’ म्हणत. मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या यांनी मग आपापसांत एक करार केला. ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हावे, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवावे आणि ब्रोन्या स्थिरावली की तिने मारियाला बोलावून घ्यावे. त्याप्रमाणे १८८६ च्या आरंभी अठरा वर्षांची मारिया वॉर्साच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवरील श्चुकी या खेड्यात झोराव्हस्की कुटुंबाकडे गव्हर्नेस म्हणून गेली.

तिथे तिला पहिले स्वतःचे विद्यार्थी मिळाले. मालकांची मुले शिकवून झाल्यावर ती त्यांच्या थोरल्या मुलीच्या मदतीने गावातील शेतमजुरांच्या मुलांना पोलिश लिहा-वाचायला शिकवू लागली. आरंभी मूठभर असलेली मुले पुढे अठरांवर गेली. पकडली गेली असती तर शिक्षा ठरलेली होती. रात्री ती स्वतः भौतिकशास्त्र आणि गणिताची पुस्तके वाचत बसे. याच घरातील मोठ्या मुलावर, पुढे गणितज्ञ झालेल्या काझिमिएझवर तिचे प्रेम जडले. गव्हर्नेसशी लग्न कसले, म्हणून त्याच्या आईवडिलांनी ते मोडून काढले. तरीही पैशांसाठी त्याच छपराखाली तिला नोकरी करत राहावे लागले. त्या दिवसांविषयी ती पुढे फार बोलली नाही.

वॉर्साला परतल्यावर, १८९० च्या सुमारास, तिचा हात प्रथमच खऱ्या प्रयोगशाळेतील उपकरणांना लागला. उद्योग आणि शेतीचे संग्रहालय असे निरुपद्रवी नाव असलेल्या एका संस्थेत तिच्या नात्यातला भाऊ युझेफ बोगुस्की एक छोटी प्रयोगशाळा चालवी. तो कधीकाळी मेंडेलीव्हचा साहाय्यक होता. संग्रहालय हे नाव रशियन अधिकाऱ्यांसाठी. आत पोलिश तरुणांना विज्ञान शिकवले जात होते. मारियाला संध्याकाळी किंवा रविवारीच वेळ मिळे, आणि बहुधा सोबत कोणी नसे. ग्रंथांत वाचलेले प्रयोग ती एकटी करून पाही. कधी अनपेक्षित यश येई, कधी हातून काही फुटे किंवा बिघडे आणि ती निराश होऊन घरी जाई. या वाटेवर प्रगती झटपट होत नाही आणि सोपी तर नसतेच, हे आपण तिथे शिकलो, असे तिने नंतर आत्मपर टिपणांत लिहिले. गुरू हजर असता तर कदाचित भांडी कमी फुटली असती; पण मग हे तिला कळलेही नसते.

नोव्हेंबर १८९१ मध्ये ती पॅरिसला पोहोचली. सॉर्बोनची वर्षे, माळ्यावरची थंडगार खोली, चहा-पावावर काढलेले दिवस हे सारे इतके प्रसिद्ध आहे की ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. गणिताच्या वर्षासाठी तिला पोलंडमधून ६०० रुबलची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती परत करावी लागत नसे. तिने पहिल्या कमाईतून ती परत केली, म्हणजे आणखी एका विद्यार्थ्याला तिचा उपयोग व्हावा.

१८९४ मध्ये पिएर क्युरी भेटले आणि २६ जुलै १८९५ रोजी विवाह झाला. आता मारियाची मेरी झाली. पिएर यांच्या घडणीत या लेखाच्या विषयाचा दुसरा धागा आहे. ते लहानपणी शाळेत गेलेच नव्हते. त्यांचे वडील डॉक्टर युजेन क्युरी यांनी ओळखले होते की, हा मुलगा एका विषयात शिरला की त्यातून लवकर बाहेर येत नाही, आणि तासातासाला विषय बदलणारी शाळा त्याला मंद ठरवून मोकळी होईल. म्हणून त्याचे शिक्षण घरी झाले, काही रानावनांत भटकताना आणि पुढे एका चांगल्या खासगी शिक्षकाकडे. सोळाव्या वर्षी तो शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला आणि एकविसाव्या वर्षी भाऊ झाक याच्यासह त्याने क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला असता वीज निर्माण होते हा शोध लावला. पिएर यांच्या चरित्रात मेरींनी सासूसासऱ्यांच्या या निर्णयाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे.

याच स्फटिकावर आधारलेले मोजमाप मेरींच्या कामी आले. बेकरेलने १८९६ मध्ये युरेनियमचे किरण शोधले होते. मेरींनी डॉक्टरेटसाठी तो विषय घेतला आणि पिएर शिकवत असलेल्या भौतिकी व रसायन विद्यालयाच्या तळमजल्यावरील ओलसर कोठीत इलेक्ट्रोमीटर मांडला. फेब्रुवारी १८९८ मधील एका दिवशी त्यांनी वहीत खोलीचे तापमान सव्वासहा अंश असल्याची नोंद केली आहे. किरणांमुळे हवा किती विद्युतवाहक होते ते मोजायचे, म्हणजे किरणांची तीव्रता कळते. पिचब्लेंड या खनिजात जेवढे युरेनियम आहे त्याच्या मानाने हे वहन फारच जास्त भरले. मोजमाप चुकले असावे म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा केले. चूक नव्हती, खनिजात आणखी काही होते. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. पुढची जवळजवळ चार वर्षे टनांच्या हिशेबात खनिजाचा चोथा उकळून १९०२ मध्ये रेडियम क्लोराइड हाती आले ते एक दशांश ग्रॅम.

या ऐन धामधुमीत, १९०० मध्ये, मेरी सेव्हर येथील शिक्षिका घडवणाऱ्या मुलींच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागल्या होत्या. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री व्याख्यात्या. येथून बाहेर पडणाऱ्या मुली फ्रान्सभरच्या मुलींच्या शाळांत शिक्षिका होत, त्यामुळे येथे बदललेली पद्धत दूरवर जाणार होती. आरंभी मुलींना नव्या बाईंचा पोलिश वळणाचा उच्चार खटकला आणि तास अवघड वाटले. मेरींनी तासाला प्रयोगांची जोड दिली. आपल्या प्रयोगशाळेत बनवलेली साधने त्या ट्रामने सेव्हरला नेत आणि मुलींना हाताळायला लावत. तोवर प्रयोग म्हणजे प्राध्यापकांनी टेबलामागे उभे राहून करायचा आणि मुलींनी बाकांवरून पाहायचा प्रकार होता. (आपल्यापैकी अनेकांचे शालेय प्रयोग याहून फार पुढे गेले होते असे नाही. प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची, निरीक्षणे उत्तरावरून मागे मोजत आणायची आणि कपाटाची किल्ली नेमकी त्या दिवशी रजेवर असलेल्या शिपायाकडे असायची.) त्या वर्गातील युजेनी फेतीस ही विद्यार्थिनी पुढे याच महाविद्यालयाची संचालिका झाली आणि तिने क्युरी कुटुंबावर पुस्तक लिहिले.

१९०३ चे नोबेल पारितोषिक पिएर, मेरी आणि बेकरेल यांना विभागून मिळाले. १९ एप्रिल १९०६ रोजी पावसात रस्ता ओलांडताना घोडागाडीखाली सापडून पिएर गेले. मेरी अडतीस वर्षांच्या होत्या, थोरली इरेन आठ वर्षांची, धाकटी ईव्ह सव्वा वर्षाची. निवृत्तिवेतन नाकारून त्यांनी सॉर्बोनमधील पिएर यांचेच काम स्वीकारले. ५ नोव्हेंबरला त्या प्रथम शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहात समाजातील प्रतिष्ठित मंडळी आणि पत्रकार भाषणाच्या अपेक्षेने दाटीवाटीने बसली होती. मेरींनी पती, दुःख, आभार यांचा उल्लेखही केला नाही; पिएर यांचा तास जिथे थांबला होता तेथून पुढे शिकवायला सुरुवात केली.

इरेनच्या शाळेचा प्रश्न आता त्यांना एकटीला सोडवायचा होता. फ्रान्समधील माध्यमिक शाळांबद्दल त्यांचे मत फार कडक होते. मुलांना दिवसभर कोंदट वर्गात डांबून ठेवायचे, पाठांतर लादायचे आणि हातांना काही कामच द्यायचे नाही, हे त्यांना पटत नसे. बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशा शाळांविषयी वापरलेली भाषा आज वाचतानाही दचकायला होते. पण ही तक्रार करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. शेजारी झाँ पेरँ राहत, मित्रमंडळींत पॉल लान्जव्हँ होते. दोघेही पहिल्या दर्जाचे शास्त्रज्ञ आणि दोघांनाही त्याच वयाची मुले. या आईबापांनी ठरवले की, आपापल्या मुलांना शाळेतून काढून आपणच शिकवायचे. प्रत्येकाने स्वतःचा विषय घ्यायचा आणि मुलांना दिवसाला जेमतेम एखादा तास द्यायचा. उरलेला वेळ मोकळा. रसायन पेरँ यांच्याकडे, गणित लान्जव्हँ यांच्याकडे, निसर्गविज्ञान मूताँ यांच्याकडे, साहित्य आणि इतिहास पेरँ यांच्या पत्नीकडे, मूर्तिकाम एका शिल्पकाराकडे. भौतिकशास्त्र अर्थात मेरींकडे. गुरुवारी दुपारी मुले भौतिकी विद्यालयातील एका पडीक खोलीत जमत.

पॅरिसमधील एका टवाळ वर्तमानपत्राने या उपक्रमाची चांगलीच टर उडवली. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या पोरांना उपकरणे बनवण्याची आणि रसायने मिसळण्याची मुभा मिळाली असली तरी सॉर्बोनची इमारत अद्याप उडालेली नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता.

त्या तासांना नेमके काय चाले? सुदैवाने इझाबेल शाव्हान या तेरा वर्षांच्या मुलीने १९०७ मध्ये नेटकी टिपणे काढून ठेवली. रिकामी दिसणारी बाटली खरोखर रिकामी असते का, आणि हवा भरलेली जागा व निर्वात जागा यांतला फरक ओळखायचा कसा, येथून सुरुवात. मग हवेला वजन असते हे तराजूवर पाहायचे. मग नळाला पाणी कसे येते. उंच टाकीतले पाणी जोडलेल्या नळीतून टाकीइतक्याच पातळीपर्यंत चढू पाहते, हे काचेच्या नळ्या जोडून दिसते. मग घनता, आर्किमिडीजचा नियम, जहाज का तरंगते, वायुभारमापक कसा तयार होतो. अंड्याचा प्रयोग तर आपल्या स्वयंपाकघरात आजही करता येईल. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते, कारण ते पाण्यापेक्षा थोडे जड असते. पाण्यात थोडे थोडे मीठ विरघळवत गेले की एका क्षणी अंडे ना तळाशी ना वर असे मध्येच लोंबकळते. त्या क्षणी पाण्याची आणि अंड्याची घनता सारखी असते. आता पाण्याची घनता मोजली की अंड्याची कळली. अंडे न फोडता, त्याच्या वेड्यावाकड्या आकाराचे माप न घेता.

आणखीही प्रयोग ईव्हने नोंदवले आहेत. सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे शाईत बुडवून उतरत्या फळीवर सोडायचे. पडणाऱ्या वस्तूचा मार्ग जो अन्वस्त, तो छर्रा स्वतःच शाईने काढून दाखवतो. काजळी धरलेल्या कागदावर लंबक आपली आंदोलने आपणच रेखतो. मुलांनी स्वतः बनवलेल्या आणि स्वतःच अंश आखलेल्या तापमापीचे आकडे बाजारातील तापमापीशी जुळले तेव्हा खोलीत जो आनंद झाला त्याची तुलना कोणत्याही बक्षिसाशी झाली नसती.

बाई प्रेमळ होत्या, पण सैल नव्हत्या. टेबलावर पसारा करून नंतर आवरतो म्हणणाऱ्याची गय होत नसे. टेबल प्रयोग चालू असतानाही स्वच्छच असले पाहिजे असा दंडक होता. तोंडी हिशेबात चूक झाली तर कारण एकच, घाई. हळू करा, पण चुकू नका. पॅरिसच्या दक्षिणेकडील सो या उपनगरातील त्यांच्या घराच्या बागेत आडव्या दांड्याला झोपाळा, कड्या आणि दोर टांगलेले होते. अभ्यासाइतकाच व्यायाम, बागकाम आणि शिवणही मुलींना करावे लागे. वृद्ध सासरे डॉक्टर युजेन घरातच होते. ज्यांनी एका मुलाला शाळेबाहेर वाढवून दाखवले होते, तेच आता नातीचे सवंगडी झाले होते. १९१० मध्ये ते वारले.

हा उपक्रम टिकला जेमतेम दोन वर्षे. शिक्षकांना त्यांची स्वतःची कामे आवरेनात, आणि मुलांसमोर शालान्त परीक्षा उभी होती. तिचा अभ्यासक्रम सरकारी होता आणि त्यात छर्रे-अंडी नव्हती. इरेन एका खासगी शाळेत दाखल झाली. घरच्या घरी मुले शिकवू पाहणाऱ्या आजच्या पालकांना हे वळण ओळखीचे वाटेल. मेरींनी परीक्षेला नावे ठेवली असतील, पण मुलीला तिच्यापासून वाचवण्याचा अट्टहास केला नाही.

१९११ हे वर्ष वाईट होते. जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने अगदी थोड्या मतांनी त्यांना सदस्यत्व नाकारले. नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रांनी लान्जव्हँ यांच्याशी असलेले त्यांचे संबंध चव्हाट्यावर आणले. परकी बाई फ्रेंच संसार मोडते आहे अशी ओरड झाली आणि जमाव घरापर्यंत आला. त्याच महिन्यात रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल जाहीर झाले. आपला गौरव कामाचा आहे, खासगी आयुष्याचा नव्हे, असे कळवून त्या डिसेंबरात स्टॉकहोमला गेल्या, पारितोषिक घेतले आणि परतल्यावर दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या.

मग १९१४ चे महायुद्ध आले. जखमी सैनिकाच्या अंगातली गोळी कोठे आहे हे न कळताच सर्जन चिरफाड करत, कारण क्ष-किरण यंत्रे मोठ्या शहरांतच होती. मेरींनी मोटारीत यंत्र आणि वीजनिर्मितीचा डायनामो बसवून अशी फिरती पथके उभी केली. सुमारे २० गाड्या आणि २०० स्थिर केंद्रे. स्वतः शरीररचना शिकल्या, गाडी चालवायला शिकल्या. पण चालक-तंत्रज्ञ आणायचे कोठून? १९१६ पासून रेडियम संस्थेत त्यांनी मुलींसाठी वर्ग सुरू केले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १५० जणी तयार केल्या. काहींचे शालेय शिक्षण अगदीच बेताचे होते. पद्धत तीच, गुरुवारच्या तासाची: थोडे तत्त्व, मग यंत्र हातात. शिकवायला सोबत होती अठरा-एकोणीस वर्षांची इरेन. दोन वेगवेगळ्या जागांवरून किरण टाकून घेतलेल्या प्रतिमा आणि समरूप त्रिकोणांची शालेय भूमिती यांवरून गोळी किती खोल आहे हे काढता येते. बेल्जियममधील एका लष्करी रुग्णालयात या मुलीला ते अविश्वासू सर्जनला पटवून द्यावे लागले होते.

पुढची वर्षे कीर्तीची. १९२१ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून दिलेले एक ग्रॅम रेडियम, १९२९ मध्ये तसेच दुसरे, आणि त्यातून १९३२ मध्ये वॉर्सात उभी राहिलेली रेडियम संस्था. तिच्या कामात करारातली ब्रोन्या आघाडीवर होती. ज्या शहरात प्रयोगशाळेला संग्रहालयाचा बुरखा घ्यावा लागला होता, तेथे आता दारावर नाव लावलेली प्रयोगशाळा होती.

हातांनी मात्र किंमत मोजली. बोटांची टोके भाजून टणक झाली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. रेडियमची नळी चिमट्यानेच उचला, शिशाच्या आडोशामागून काम करा, रक्ततपासणी चुकवू नका, असे त्या विद्यार्थ्यांना खडसावत आणि स्वतः यांतले काहीच नीट पाळत नसत. आधी टेबल स्वच्छ करा म्हणणाऱ्या शिक्षिकेचा हा हेकटपणा समजणे अवघड आहे. रेडियम हे आपले अपत्य, ते आपल्याला इजा करणार नाही असे त्यांना मनातून वाटत असावे. किंवा कबूल करायला उशीर झाला आहे हे कळले असावे. ४ जुलै १९३४ रोजी आल्प्समधील एका आरोग्यधामात रक्तक्षयाच्या जीवघेण्या प्रकाराने त्या गेल्या. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पँथेऑनमध्ये हलवताना तपासणी झाली, तेव्हा रेडियमपेक्षा युद्धकाळातील क्ष-किरणच अधिक घातक ठरले असावेत, असा अंदाज व्यक्त झाला.

त्याच वर्षाच्या जानेवारीत इरेन आणि तिचे पती फ्रेदेरिक जोलिओ यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला होता आणि त्यांनी तो आईला प्रत्यक्ष दाखवला होता. १९३५ चे नोबेल या दोघांना मिळाले, पण ते पाहायला मेरी नव्हत्या. लोकर गुंडाळा म्हणणाऱ्यांतला फ्रान्सिस पेरँ पुढे फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचा प्रमुख झाला. त्याच्या वडिलांनी, झाँ पेरँ यांनी, १९३७ मध्ये पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवणारे एक विज्ञानभवन उभारले. लान्जव्हँ यांचे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या शिक्षणसुधारणेच्या आराखड्याला जोडले गेले.

मेरींच्या स्वतःच्या प्रयोगवह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांतून अजूनही किरणोत्सर्ग होतो. त्या शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात आणि पाहू इच्छिणाऱ्याला जोखमीची जबाबदारी लिहून द्यावी लागते. इझाबेलची वही मात्र शंभरेक वर्षे कुटुंबात पडून होती. २००३ मध्ये ती फ्रान्समध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. तिच्यात अंडे, मीठ, बाटली, नळी आणि तराजू एवढेच आहे.